ठोकळ्यांच्या घराचं चूलबंद आवतण

थोरल्या आणि धाकटे,

मागच्या रविवारी धाकटीने आईच्या फोनवरून मला एक प्रश्न पाठवला. "आबांनी मुद्दाम केलं का?" प्रश्न इंग्रजीत होता, म्हणून जास्त लागला. खेळातलं आपलं घर पडलं त्या दिवसापासून ती तिथे आलेली नाही, आबांशी बोललेली नाही, आणि मराठीचा एक शब्दही तिने उच्चारलेला नाही. "नाही" एवढं उत्तर मी तेव्हाच पाठवू शकले असते. पण नुसत्या "नाही"वर कुणाचा विश्वास बसत नाही. आयुष्यभर दौंडच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यामुळे क्रम सोडून बोललं की मलाच चैन पडत नाही. घडलं तसं सांगते. आणि मराठीत सांगते, कारण आपल्या घराचा नियमच तो होता. अडेल तिथे आई वाचून दाखवेल.

तुम्ही तिकडे परदेशात गेलात त्यानंतरचे आपले व्हिडिओ कॉल आठवतात का? "काय जेवलात?" "पास्ता." "शाळा कशी आहे?" "गुड." मग तुम्ही दोघं खाली बघायचात आणि मी तुमच्या केसांच्या भांगाकडे बघत बसायची. शेवटी थोरला म्हणाला, "आजी, आम्ही खाली बघतो ना, तिथेच ये ना तू." त्याने तुमच्या बाबांकडून माझ्या टॅबवर तो ठोकळ्यांचा खेळ घालून घेतला.

पहिल्या दिवसाचा धक्का अजून आठवतो. माती चौकोनी, झाडं चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. मी एका टेकडीवर उभी, हातात काही नाही, आणि बघता बघता अंधार पडला. मागून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज केला, पडदा लाल झाला, आणि धाकटीचा आनंदी आवाज आला, "आजी मेली!"

मी टॅब गादीवर टाकला. आबा बाहेरून धावत आले. "काय झालं?"

"अहो, पोरगी म्हणते मी मेले."

"मंग बोलतंय कोण?" आबा म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. त्या दिवसापासून दर रविवारी संध्याकाळी ती खुर्ची तिथेच असायची. तुमची तेव्हा सकाळ असायची.

मरणं त्या खेळात किरकोळ गोष्ट आहे हे कळायला मला वेळ लागला. पण एकदा हात बसल्यावर माझा मूळ स्वभाव वर आला. थोरला कुठेही भिंत उभी करायचा, मी ती पाडून सरळ ओळीत घेऊन द्यायची. पेट्यांवर पाट्या लावल्या: लाकूड, दगड, बियाणं, खाणं. "आजीने वर्ग केला खेळाचा," थोरला कुरकुरला. नियमही घातला की उंबऱ्याच्या आत फक्त मराठी. गंमत अशी, की धाकटे, तू घरी आईशीही इंग्रजी बोलायचीस, पण त्या चौकोनी उंबऱ्याच्या आत आलीस की अडखळत का होईना, मराठी बोलायचीस. "आजी, मी गाईला चारा दिली." "दिला." "दिला. ती खाली." "खाल्ला." अशी तुझी भाषा तिथे वाढत होती, आणि तुझी आई स्वयंपाकघरातून ऐकत उभी राहायची. हे तिनेच मला सांगितलं.

आबा टॅबला हात लावत नसत, हुकूम तेवढे सोडत. "विहीर वरल्या अंगाला घे. गोठा वाऱ्याच्या तोंडाला नको." एकदा धाकटीने विचारलं, "आबा, पूर्वी गहू कुठे ठेवायचे?" आबांनी पेवाची गोष्ट सांगितली. कोरड्या, उंच जागी खोल खड्डा घ्यायचा, आत कडबा लावायचा, धान्य भरायचं, तोंडावर फरशी ठेवायची आणि वरून माती लिंपायची. "वरनं बैल चालला तरी कळत न्हाई खाली काय हाय ते." तुला ते इतकं आवडलं की गोठ्यामागे तू स्वतः पेव खणलंस. त्यात गव्हाची पेटी ठेवलीस, एक दिवा ठेवलास, आणि कोंबडीही ठेवलीस. आबा म्हणाले, "पेवात कोंबडी कोण ठेवतं?" तू म्हणालीस, "ती राखण करते." वर गवताचा ठोकळा बसवला, आणि मग मलाही जागा शोधावी लागली.

घर झालं. ओटा, माजघर, विहीर, गोठा, अंगणात कडुनिंब म्हणून चालवून घेतलेलं कसलंसं झाड. थोरल्याने दारावर घंटा बसवली. आबा सगळं निरखून म्हणाले, "झालं ना घर? मग वास्तुशांत कवा?"

तुम्ही दोघं हसलात. आबा हसले नाहीत. घर बांधलं आणि चार लोक जेवले नाहीत, तर ते घर त्यांच्या लेखी झालंच नाही.

ठरलं ते असं: पुढच्या रविवारी आपण इकडे खरंच जेवण करायचं, आणि काका-आत्यांच्या घरच्यांनी फोनवरून खेळात यायचं. थोरल्याने आत येण्याचा कोड मला पाठवला आणि बजावलं, "आजी, फक्त घरच्यांना दे हं. बाकी कुणाला नको." मी मान डोलावली. आबा शेजारीच होते. त्यांनी ऐकलं, पण त्यांच्या कानाने ऐकलं. "घरचे" या शब्दात आबांच्या हिशेबी निम्मं गाव येतं.

दुसऱ्या दिवशी गावच्या ग्रुपवर त्यांचा आवाज ऐकला तेव्हा मी चहा गाळत होते. "राम राम मंडळी. आमच्या नातवंडांनी मोबाईलवर घर बांधलंय. रविवारी सांच्याला वास्तुशांत हाय. समद्यांना चूलबंद आवतण." आणि खाली, माझ्या फोनवरून पुढे ढकललेला थोरल्याचा मेसेज, कोडसकट.

चूलबंद म्हणजे काय ते तुम्हाला माहीत नसेल. आवतण, म्हणजे आमंत्रण, दोन तऱ्हेचं असतं. एक माणशी, म्हणजे घरटी एकाने यायचं. दुसरं चूलबंद: त्या दिवशी तुमच्या घरी चूलच पेटवायची नाही, लहानथोर, आलेगेले पाहुणे, सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं. त्याहून मोठा मान नाही. आणि असं आवतण दिल्यावर दारात उभं राहून "तू कोण, कुणाचा" असं विचारायचं नसतं.

मी म्हटलं, "अहो, कोड द्यायचा नव्हता!"

"कोड म्हंजी काय?"

"आत यायचा नंबर."

"मग पत्ताच की तो. आवतण द्यायचं आन् पत्ता द्यायचा न्हाई? लोक शेण घालतील तोंडात." आणि मग लाडीगोडीने म्हणाले, "मास्तरीणबाई, आपलीच माणसं हायेत. भिता कशाला?"

थोरल्याला कळवायला हवं होतं. पण गावाला दिलेलं आवतण परत घ्यायचं, ही कल्पनाच मला सुचली नाही. कुणालाच सुचली नसती.

रविवार उजाडला. नणंदेची नात, शिरूरला कॉलेजात शिकते ती, सकाळपासून मदतीला आली होती. पाया पडली, पदर खोचावा तशी ओढणी खोचली आणि माझ्यासोबत पुऱ्या लाटल्या. एकही पुरी वाकडी नव्हती. संध्याकाळी अंगणात पंगत बसली. लोक जेवत होते, फोनमध्ये डोकावून "आबा, ओटा झकास झालाय" म्हणत होते. आबांची छाती फुगली होती. मी माजघरात टॅब घेऊन बसले, यजमानीण म्हणून.

सुरुवातीला आले ते ओळखीचे. काकांची मुलं, आत्या. मग वेगळेच यायला लागले. एकाचं डोकं भोपळ्याचं. एक नुसता सांगाडा. नावांच्या जागी आकडे आणि चिन्हं. मी प्रत्येकाला म्हणत होते, "या, बसा. चपला काढून या हं ओट्यावर." भोपळ्याच्या डोक्याचं कुणीतरी माझ्यासमोर येऊन वाकायला लागलं. खाली, वर, खाली, वर. मला वाटलं, नमस्कार करतंय. मी म्हटलं, "सुखी राहा, सुखी राहा."

मग थोरला ओरडला, "आजी, हे कोण आहेत? कोड कोणाला दिलास?"

मी उत्तर द्यायच्या आत गोठा उडाला.

टॅब कसा धरायचा, मागे कसं फिरायचं, काही आठवेना. आवाज ऐकून आबा आमटीची बादली कुणाच्या तरी हातात देऊन आत आले आणि पडद्याकडे बघत राहिले. विहिरी खणताना सुरुंग लावलेले त्यांनी पाहिले आहेत. "ह्यो तर सुरुंग हाय," ते म्हणाले. "अगं, घराला सुरुंग लावत्यात!" मग ओटा गेला. माजघर गेलं. विहिरीत कुणीतरी आगीचा रस ओतला. कोपऱ्यात इंग्रजी ओळी पळत होत्या. प्रत्येक शब्द मला वाचता येत होता आणि एकाचाही अर्थ लागत नव्हता. जिंकल्यावर समोरच्याला खिजवायला जे लिहितात, ते ते होतं, हे नंतर थोरल्याने सांगितलं. तेव्हा मी वाचत होते: छान खेळलात, सोपं होतं. छान खेळलात, सोपं होतं.

धाकटे, तू आधी मराठीत ओरडलीस. "नको! आमचं घर आहे! नको ना!" कुणीतरी तुझ्या आवाजाची नक्कल केली. मग तू इंग्रजीत ओरडलीस. मग तुझ्याकडून आवाजच आला नाही. बाहेर अंगणात कुणीतरी भात मागत होतं.

घराची मागची प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवली नव्हती, असं थोरल्याने रडत सांगितलं. त्याने सगळ्यांना बाहेर काढून दार लावलं, पण तोवर उरलं काय होतं? त्याने आबांना विचारलं, "आबा, तुम्ही ग्रुपवर टाकला कोड?" आबा म्हणाले, "व्हय. आवतण दिलं." तुम्ही दोघं निघून गेलात.

यापुढचं तुम्हाला माहीत नाही.

त्याच आठवड्यात मी दौंडला चष्मा दुरुस्तीला गेले होते. काउंटरमागची मुलगी मोबाईलवर काहीतरी बघून खुदुखुदु हसत होती. आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "चपला काढून या हं ओट्यावर." मागे हसण्याचा गडगडाट. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मग "सुखी राहा, सुखी राहा", आणि धडाम्.

मी काउंटरचा आधार घेतला. मुलीने वर पाहिलं. "आज्जी, बरं वाटत नाही का? बसा." "बरी आहे गं," मी म्हटलं, आणि माझा आवाज ऐकून तीच चपापली. "अय्या, तुम्हीच का त्या? चपलावाल्या आज्जी?"

मी म्हटलं, "दाखव मला." तिने शरमत तो व्हिडिओ दाखवला. ते वाकणं म्हणजे नमस्कार नव्हता. ती चेष्टा होती, त्या जगात सगळ्यांना ठाऊक असलेली, आणि मी तिला आशीर्वाद देत होते. भोपळ्याच्या डोळ्यांतूनच ते सगळं टिपलं होतं. पण खरी गोष्ट पुढे होती. खिदळणाऱ्या आवाजाच्या मध्येच, अगदी जवळून, स्पष्ट, आबा बोलले. "पोरी, मोबाईल ठेव आन् ताट घे. आमटी निवली."

आबांच्या हातात टॅब कधीच नव्हता. आबा अंगणात वाढत होते. म्हणजे ते भोपळ्याचं डोकं चालवणारं माणूस आपल्याच खऱ्या ओट्यावर बसलं होतं.

घरी येऊन मी आबांना तो व्हिडिओ ऐकवला. स्वतःचा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. "ह्ये मी कवा म्हणालो?" मग त्यांना आठवलं, कुणाला म्हणाले ते. म्हणाले, "जेवत हुती ती. आपल्यात जेवत हुती."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. नणंदेची नात. हातात पेढ्यांचा पुडा, चेहरा फुललेला. "आज्जी, आबा, पेढे घ्या! आपला व्हिडिओ केवढा चाललाय! तुम्ही फेमस झालात आज्जी." आणि पाया पडली.

मला वाटलं होतं, ती नाकारेल, लपवेल, निदान घाबरेल. त्यासाठी मी मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. पेढ्यांपुढे त्यातलं एकही कामाला आलं नाही.

आबांनी पेढा हातात घेतला. "तू पाडलंस घर?"

"पहिला सुरुंग माझा. कोड मीच आधी आमच्या खेळाच्या ग्रुपवर टाकला हुता, बाकीचे त्यावरनं आले. आबा, असा उघडा कोड दिसला की फोडतातच. मी न्हाई तर दुसऱ्या कुणी फोडलं असतं. खेळच हाय तो."

"जेवून गेलीस की गं."

"व्हय, आमटी भारी झालती." ती खरंच गोंधळली होती. आम्ही का चिडलो आहोत ते तिला उमगत नव्हतं. तिने भिंतीवर थाप मारली. "हे बघा, घर हाय की जागेवर. खरं थोडंच पाडलंय?"

मी म्हटलं, "धाकटी त्या दिवसापासून बोललेली नाही."

"कोण धाकटी?"

"माझी नात. व्हिडिओत ओरडते आहे ती. तुम्ही जिची नक्कल केलीत ती."

तिचं हसू गेलं. "ती लहान पोरगी खरी हुती? मला वाटलं, कुणीतरी आवाज काढतंय. तिथं समदेच आवाज काढतात." मग हळूच म्हणाली, "रडली?"

तिने आमच्यासमोर व्हिडिओ काढून टाकला. पण तोवर इतरांनी तो उतरवून आपापल्या ठिकाणी लावला होता. ते तिच्याही हातात उरलं नव्हतं. जाताना पेढ्यांचा पुडा उचलावा की ठेवावा, तिला कळेना. शेवटी ठेवून गेली. आबांचा पेढा हातातच विरघळला.

त्यानंतर आबा रविवारी त्या खुर्चीवर बसले नाहीत. संध्याकाळ झाली की शेतावर जायचे. मग तुझा तो प्रश्न आला. मी तो त्यांना मराठीत वाचून दाखवला. ते म्हणाले, "तिला काय सांगू? मला वाटलं, जितकी माणसं येतील तितकं घर मोठं." आणि उठून गेले.

काल दुपारी मी एकटीच आत गेले. थोरल्याने माझ्यासाठी दार उघडं ठेवलं आहे, हे मला माहीत नव्हतं. पाहवत नाही तिथे. जमिनीला मोठमोठे खड्डे. खालचं सगळं गेलं तरी काही ठोकळे हवेत तसेच लटकलेले. दाराची चौकट आहे, भिंत नाही; घंटा आहे. विहिरीतून अजून लाल उजेड येतो. मी सवयीने पाट्या शोधत होते. एकही नाही.

गोठ्याच्या मागे गेले. तिथे मात्र गवत सलग होतं. सगळे त्यावरून धावले असणार, नाचलेही असणार. मी आबांना हाक मारली. दोनदा मारावी लागली. ते आले, उभ्यानेच बघू लागले.

"पेव इथेच होतं ना?"

ते खुर्चीवर टेकले. "दोन पावलं उजवीकडं. आणखी. हां."

मी गवताचा ठोकळा काढला. खाली काळोखात दिव्याचा मंद उजेड दिसला. मी उतरणार, तेवढ्यात आबांनी माझा हात घट्ट धरला, खरा हात. "थांब. पेव उघडल्यावर लगीच उतरायचं नसतं. आत कोंदलेली हवा असती. माणूस जातो."

मी थांबले. आम्ही दोघं त्या चौकोनी भोकाकडे बघत बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आबा म्हणाले, "आता उतर."

धाकटे, तुझं उत्तर. आबांनी मुद्दाम केलं नाही. त्यांना जसं आवतण देता येतं, तसं त्यांनी दिलं. ते आज संध्याकाळपासून खुर्चीवर बसणार आहेत, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी.

मी पेवाच्या तोंडावर पुन्हा माती घातली आहे. जागा आपल्या चौघांनाच ठाऊक आहे. पेटीत गहू आहे आणि पेरण्यापुरतं बियाणं आहे. दिवा जळतो आहे. तुझी कोंबडी जिवंत आहे.